गाडीतला लाल दिवा काय सांगतो?



आज एका दिव्याची गोष्ट सांगायची आहे. हा दिवा देवघरातला नाही, गाडीतला आहे. चाबी फिरवली की स्टिअरिंगच्या मागं लाल, पिवळी, हिरवी चित्रं उजळतात, ती तुम्ही पाहिली असतील. आपण बाया बहुतेक मागच्या सीटवर असतो, त्यामुळं ती चित्रं आपली नाहीत असंच आपण धरून चालतो. मीही तसंच धरलं होतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटाच्या आठ जणी लोणची, पापड आणि शेवयांची खोकी घेऊन भाड्याच्या जीपनं नांदेडला निघालो होतो. प्रदर्शनात माल मांडायचा होता. मी पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी बसले होते. अहमदपूर मागं पडलं आणि समोर एक लाल दिवा लागला. तेलाच्या झारीसारखं चित्र, तोंडाशी एक थेंब. चालवणारा पोरगा ओळखीतलाच होता. मी विचारलं, "दादा, हे काय लागलंय?" तो म्हणाला, "काही नाही मावशी, आठ दिवस झाले, असंच लागतंय अन् विझतंय." मी गप्प बसले. मनात आलं, आपल्याला काय कळतं गाडीतलं!

लोहा यायच्या आधी इंजिनातून खडखड आवाज सुरू झाला आणि गाडी जागेवर थांबली. मिस्त्री आला, त्यानं ऑइलची पट्टी काढून पाहिली, तिच्या टोकाला ऑइल लागलेलंच नव्हतं. "इंजिन बसलं," तो म्हणाला. आमचा प्रदर्शनाचा पहिला दिवस बुडाला. पण खरं नुकसान त्या पोराचं झालं. गाडी हप्त्यांवर घेतलेली, आणि इंजिनाच्या कामाला जेवढे पैसे लागले तेवढ्यात कितीतरी डबे ऑइल आलं असतं. दिव्यानं सांगितलं होतं, मी पाहिलंही होतं. पण तो काय सांगतोय हे ना त्याला नीट माहीत होतं, ना मला.

तेव्हापासून मी विचारत गेले, वाचत गेले. हा दिवा तिथं कुणी बसवला? कशासाठी? आणि त्याच्याखाली काही लिहिलेलं का नसतं?

चिखल अडवणारी फळी

आधी बैलगाडीपासून सुरू करू. बैलगाडीला दिवा नव्हता, तरी ती बोलायची. कण्यातलं वंगण संपलं की चाक कुरकुरायला लागायचं. गाडी हाकणाऱ्याला ते बरोबर ऐकू यायचं. तो उतरायचा, वंगण घालायचा आणि पुढं निघायचा. सूचना देणारं चाक होतं आणि ऐकणारा माणूस होता, मध्ये कुणी नव्हतं.

युरोप-अमेरिकेतल्या घोडागाड्यांना हाकणाऱ्याच्या पायांपुढं एक उभी फळी असायची. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून ती लावत. उडणं, आपटणं याला इंग्रजीत डॅश म्हणतात, म्हणून त्या फळीचं नाव पडलं डॅशबोर्ड. पुढं घोडा गेला आणि इंजिन आलं, पण फळी आणि तिचं नाव राहिलं. आज आपण ज्याला डॅशबोर्ड म्हणतो ती मुळात चिखल अडवायची फळी.

पहिल्या मोटारींना काटे नव्हते आणि दिवेही नव्हते. इथं एका बाईची गोष्ट सांगितलीच पाहिजे. तिचं नाव बर्था बेंझ. तिचा नवरा कार्ल बेंझ यानं जर्मनीत तीन चाकांची मोटार बनवली होती, पण लोक ती घ्यायला धजत नव्हते. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्या मोटारीनं माहेरी निघाली. मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत, साधारण १०६ किलोमीटर. एवढ्या लांबचा मोटारीचा प्रवास तोवर कुणी केला नव्हता.

वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली. एक तार उघडी पडली, तिला पायमोजे बांधायचा पट्टा गुंडाळला. इंधन संपलं तेव्हा औषधाच्या दुकानातून डाग काढायचा द्रव विकत घेऊन टाकीत ओतला. लाकडी ब्रेक झिजले, तर एका चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. इंजिन गार ठेवायचं पाणी उडून जायचं, म्हणून जिथं पाणी दिसेल तिथं थांबून ते भरलं. तिला सांगायला एकही दिवा नव्हता. तिच्या कानांनी, नाकानं आणि हातांनी तिला सांगितलं.

आपणही चुलीपाशी हेच करतो. भाजी लागतेय हे वासावरून कळतं, कुकरमध्ये पाणी कमी पडलं तर शिट्टीचा आवाज बदलतो. यंत्राची खूण ओळखणं हे आपल्याला नवीन नाही. फक्त या यंत्राची भाषा आपल्याला कुणी शिकवली नाही.

काटा आधी सांगतो, दिवा शेवटी

मोटारी वाढल्या तशी अडचण आली. इंजिन बंद बोनेटखाली गेलं, वेग वाढला, आवाज ऐकून ओळखणं कठीण झालं. १९१२ च्या सुमारास अमेरिकेत रेडिएटरच्या झाकणावर बसवायचा एक तापमापक निघाला. ताप पाहायच्या काचेच्या नळीसारखाच, पण गाडीच्या नाकावर बसवलेला. चालवणाऱ्याला बसल्या जागेवरून त्यातला द्रव चढताना दिसायचा. पुढं काटे डॅशबोर्डवर आले. एक काटा तापमानाचा, एक ऑइलच्या दाबाचा, एक बॅटरीत वीज जातेय की नाही याचा.

मग १९३० च्या दशकात हडसन या अमेरिकन कंपनीनं काही काटे काढून त्यांच्या जागी लाल दिवे लावले. सगळं ठीक असेल तर दिवा विझलेला, बिघडलं तर लागलेला. जुन्या मुरलेल्या ड्रायव्हरांनी त्या दिव्याची टिंगल केली आणि त्याचं नाव ठेवलं 'मूर्खांचा दिवा'. ज्याला यंत्र कळत नाही त्याच्यासाठी असलेला दिवा, असा त्यांचा टोमणा होता.

टोमणा सोडून द्या, पण त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट खरी होती. काटा हळूहळू चढतो. तो अर्ध्यावर असताना, पाऊण झाल्यावर आपल्याला कळतं, आणि सावध व्हायला वेळ मिळतो. दिवा मात्र मधलं काही सांगत नाही. तो लागतो तेव्हा हद्द ओलांडलेली असते. म्हणून लाल दिवा लागला की "घरी गेल्यावर बघू" म्हणायला जागा उरत नाही. आमच्या जीपमध्ये नेमकं हेच चुकलं.

त्या झारीच्या दिव्याबद्दल आणखी एक गैरसमज आहे. बरेच जण म्हणतात, हा दिवा ऑइल कमी झाल्याचा आहे. बहुतेक गाड्यांत तो ऑइलच्या दाबाचा असतो. विहिरीत पाणी आहे, पण मोटार पाणी फेकत नसेल तर पीक वाळतंच ना? तसंच आहे. ऑइल संपलेलं असेल, पंप बिघडलेला असेल किंवा फिल्टर तुंबलेला असेल, कारण कोणतंही असो, इंजिनाच्या फिरणाऱ्या लोखंडाला वंगण पोचत नाही. लोखंडावर लोखंड घासतं आणि काही मिनिटांत हजारोंचं काम निघतं. आणि तो दिवा अधूनमधून लागत-विझत असेल तर "असंच लागतं" असं काही नसतं. दाब काठावर आलाय, एवढाच त्याचा अर्थ.

शब्द नाहीत म्हणून सगळ्यांचा

पूर्वी अनेक गाड्यांत या दिव्यांवर इंग्रजीत शब्द लिहिलेले असत. पण एका देशात बनलेली गाडी दहा देशांत विकली जाऊ लागली, तेव्हा शब्द अडचणीचे ठरले. १९७० च्या दशकात आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं गाडीतल्या चिन्हांचं एक प्रमाण ठरवलं. झारी म्हणजे ऑइल, लाटांवरचा तापमापक म्हणजे इंजिनाची उष्णता, अधिक-उणे लिहिलेली पेटी म्हणजे बॅटरी. रंगांचा अर्थही ठरला. लाल म्हणजे धोका, पिवळा म्हणजे लक्ष द्या, हिरवा म्हणजे चालू आहे.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ज्या बाईला इंग्रजी येत नाही, जी शाळेत गेली नाही, तिलाही हे चित्र शहरातल्या शिकलेल्या माणसाइतकंच वाचता येतं.

गाडीच्या खुणांच्या इतिहासात बायकांची नावं आणखीही आहेत. डोरोथी लेव्हिट या इंग्रज बाईनं १९०९ साली बायकांसाठी मोटारीवर पुस्तक लिहिलं. मागचा रस्ता पाहायला जवळ हातातला आरसा ठेवा, असा सल्ला तिनं त्यात दिला. मागचं पाहायचा आरसा गाड्यांत सर्रास येण्याच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट. फ्लोरेन्स लॉरेन्स ही अमेरिकेतली सिनेमा नटी. तिनं १९१४ च्या सुमारास आपल्या गाडीला वळण्याची खूण दाखवणारा हात बसवला, आणि ब्रेक दाबला की मागं 'थांबतेय' अशी पाटी वर येईल अशी सोय केली. तिनं त्याचे हक्क नोंदवले नाहीत, म्हणून तिचं नाव मागं पडलं.

आपल्या भागात गाडी कशी आली

आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९३२ च्या जूनमध्ये निजामाच्या रेल्वेखात्यानं रस्त्यावरच्या बस सुरू केल्या. सुरुवातीला २७ बस आणि १६६ कामगार होते. तिकडं मुंबई राज्यात एसटीची पहिली बस १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला आपला भाग निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि इथली बससेवाही तिकडं आली.

त्या काळात गाडीचं ज्ञान कुठून मिळायचं? उस्ताद ड्रायव्हरकडून क्लीनरला. पोरगं फडकं मारायचं, रेडिएटरमध्ये पाणी ओतायचं, ऑइलची पट्टी पुसायचं आणि पाहत पाहत शिकायचं. वहीपुस्तक काही नव्हतं. ही शाळा चांगली होती, पण तिच्यात मुलींना प्रवेश नव्हता.

ते दार ढकलणारी एक बाई आपल्या शेजारच्या परभणीची. शीला डावरे १९८८ मध्ये घर सोडून पुण्याला गेल्या आणि रिक्षा चालवू लागल्या. भारतातली पहिली महिला रिक्षाचालक म्हणून त्यांची नोंद लिम्का बुकात झाली. त्यांचं नाव आपल्या लेकींना सांगायला हवं.

अलीकडं दोन मोठे बदल झाले. एक धुराचा. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये मोटारींच्या धुरानं शहरं कोंदली, तेव्हा धूर वाढवणारा बिघाड गाडीनंच सांगावा असा नियम तिथं १९८८ पासून लागू झाला. इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा त्यातून सर्वत्र पसरला. आपल्याकडं बीएस-४ च्या चारचाकींसाठी २०१० पासून आणि आणखी कडकपणे २०१३ पासून ही व्यवस्था आली. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ चे नियम लागू झाले, आणि आता तो पिवळा इंजिनाचा दिवा स्कूटीवरही दिसतो. म्हणजे दूध घालायला जाणाऱ्या, अंगणवाडीला जाणाऱ्या बाईपर्यंत हा दिवा पोचला आहे.

दुसरा बदल पट्ट्याचा. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या कारमध्ये पट्टा लावला नाही तर दिवा लागतो आणि टूं टूं वाजतं. ताशी ८० किलोमीटरच्या वर वेग गेला तरी गाडी आवाज करते. काही जण तो आवाज बंद पाडायला पट्ट्याच्या खाचेत नुसती चिमटी अडकवतात. मैत्रिणींनो, त्यानं दिवा फसतो, अपघात फसत नाही. गरोदर बाईनंही पट्टा लावायचाच. खालचा पट्टा पोटावरून न घेता पोटाच्या खाली, मांड्यांच्या वर घ्यायचा आणि तिरका पट्टा दोन स्तनांच्या मधून, पोटाच्या बाजूनं.

कोणता दिवा, काय करायचं

आता कामाचं. कागद-पेन असेल तर लिहून घ्या, नसेल तर रंग लक्षात ठेवा.

लाल झारी: गाडी डावीकडं सुरक्षित जागी घ्यायची आणि इंजिन लगेच बंद करायचं. पाच-दहा मिनिटं थांबून ऑइलची पट्टी पाहायची. कमी असेल तर योग्य ऑइल घालायचं. तरीही दिवा विझत नसेल तर गाडी ओढून न्यायची, चालवत न्यायची नाही.

लाल तापमापक: इंजिन तापलंय. आपल्या उन्हाळ्यात, भरल्या गाडीनं माहूरचा घाट चढताना हे होऊ शकतं. थांबा, इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. वाफ भरलेल्या कुकरचं झाकण आपण जबरदस्तीनं काढत नाही, तसंच. उकळतं पाणी तोंडावर येतं. किमान अर्धा तास जाऊ द्या. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, लोखंडाला तडा जातो.

लाल बॅटरी: इंजिन चालू असताना हा दिवा लागला तर बॅटरीत वीज भरली जात नाही. पट्टा तुटला असेल तर काही गाड्यांत पाण्याचा पंपही थांबतो, म्हणून बोनेट उघडून आधी पट्टा पाहायला सांगा. पट्टा जागेवर असेल तर एसी, टेप बंद करून जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं. मध्ये इंजिन बंद केलं तर पुन्हा चालू होईल याचा भरवसा नाही.

गोलात उद्गारचिन्ह, लाल: आधी हँडब्रेक ओढलेला राहिलाय का पाहायचं. तो सोडूनही दिवा राहिला तर ब्रेकच्या तेलात किंवा ब्रेकमध्ये बिघाड आहे. पुढं जायचं नाही.

आता पिवळे. इंजिनाचं चित्र स्थिर लागलं असेल तर गाडी चालते, पण लवकर दाखवून घ्या. तेच चित्र लुकलुकत असेल तर वेग कमी करा आणि गाडी लवकर थांबवा. डिझेल गाडीत वेटोळ्या तारेचं चित्र लागतं, ते विझेपर्यंत थांबून मगच चाबी पुढं फिरवायची. एबीएस ही अक्षरं पेटली असतील तर साधा ब्रेक लागतो, पण जोरात दाबल्यावर चाकं घसरू शकतात. हिरवे आणि निळे दिवे घाबरायचे नाहीत. निळा म्हणजे समोरचा झोत वर आहे. समोरून गाडी येताना तो खाली घ्यायचा.

आणि एक सोपी परीक्षा. चाबी फिरवली पण इंजिन अजून चालू केलं नाही, तेव्हा हे बहुतेक दिवे लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. एखादा लाल दिवा तेव्हा लागतच नसेल तर बल्ब गेलाय, नाहीतर कुणीतरी तार काढून ठेवली आहे. न लागणारा दिवा लागलेल्या दिव्यापेक्षा वाईट, कारण तो आपल्याला निर्धास्त ठेवतो.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीला गावातली एखादी जीप किंवा ट्रॅक्टर पाच मिनिटं उभा करायला सांगा. चाबी फिरवा, प्रत्येकीनं एकेक चित्र पाहा आणि ओळखा. गाडीवाल्या दादालाही बरोबर घ्या. त्याला शिकवायला जायचं नाही, त्याच्यासोबत पाहायचं. त्याचीही रोजीरोटी त्याच दिव्यांवर आहे.

आमच्या गावच्या त्या पोरानं पुढं इंजिन करून घेतलं, त्याला चार महिने लागले. आता मी त्याच्या जीपमध्ये पुढं बसले की आधी समोर पाहते. परवा तोच म्हणाला, "मावशी, बघा बरं, सगळे विझलेत ना?" मी बघितलं, सगळे विझले होते. मग आम्ही निघालो.